मानेतून उठणारी डोकेदुखी: मालिश दोनच दिवस का टिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांपासून आठवड्यातले तीन-चार दिवस डोकं दुखतं. दुखणं उजव्या मानगुटीत सुरू होतं आणि दुपारपर्यंत उजव्या डोळ्यामागे येऊन बसतं. गाडी मागे घेताना त्या बाजूला मान पुरती वळत नाही. मालिश केलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. एमआरआयच्या रिपोर्टात ‘मणक्यांची झीज’ आणि ‘मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली’ असं लिहून आलंय. फिजिओथेरपीने हे जाईल का, की कायम गोळ्याच घ्याव्या लागतील?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. दुखणं खरोखर मानेतून येत असेल, तर फिजिओथेरपीचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे आणि फरक टिकतोही. गोळ्या आयुष्यभर लागतील असं मला तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. पण ‘खरोखर मानेतून येत असेल तर’ हे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत, ते तपासावं लागतं. आणि मालिशचा गुण दोनच दिवस टिकतो, ही जी तुमची तक्रार आहे, ती मला निदानाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. तिच्याकडे मी परत येईन.

मान बिघडली तर डोळ्यामागे कळ का यावी, हे बहुतेकांना पटत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, हाताला काहीच झालेलं नसतं, तसाच हा प्रकार आहे. मानेच्या सगळ्यात वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि कपाळ, डोळा, कानशील इथली संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू, हे मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथून पुढे मेंदूकडे जाणारी वाट सामाईक. त्यामुळे तक्रार मूळ कुठून आली हे मेंदूला नीट उमगत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधला बोटाच्या पेरापेक्षाही लहान सांधा कुरकुरतो आणि दुखतं भुवईच्या वर. नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ (न्यूरॉलॉजिस्ट) ओटार शास्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या दुखण्याला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ असं नाव दिलं. मराठीत आपण त्याला मानजन्य डोकेदुखी म्हणू.

यावरून तुमच्या एमआरआयबद्दलही एक गोष्ट लक्षात येईल. डोकेदुखी देऊ शकणारे सांधे मुख्यतः वरच्या तीन मणक्यांपाशी असतात. रिपोर्टात चकती बाहेर आल्याचं लिहिलेलं असतं ते मात्र बहुतेकदा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये. तिथून खांदा किंवा हात दुखू शकतो, मुंग्या येऊ शकतात, पण डोळ्यामागची कळ सहसा तिथली नसते. शिवाय २०१५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ निरोगी लोकांचे एमआरआय काढले होते, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांमध्ये चकती थोडीफार फुगलेली दिसली. अगदी विशीतल्या मंडळींमध्येही. तेव्हा ‘झीज’ हा शब्द वाचून मान जपून-जपून वागवायला सुरुवात केली असेल, तर ते आजच थांबवा. घाबरून मान हलवायची बंद केलेले रुग्ण मी रोज पाहते आणि त्यांचं नुकसान झिजेपेक्षा त्या भीतीने जास्त झालेलं असतं.

आता दुखणं मानेचंच आहे का, हा प्रश्न. मानजन्य डोकेदुखी बहुतेकदा एकाच बाजूला असते आणि ती बाजू बदलत नाही. मागून पुढे सरकते. मान विशिष्ट स्थितीत फार वेळ राहिली, किंवा एका ठरावीक दिशेने वळवली की वाढते, आणि मानेची हालचाल कमी झालेली असते. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. ताणजन्य डोकेदुखी वेगळी: डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना, सौम्य ते मध्यम, चालण्या-फिरण्याने न वाढणारं. तिच्यातही मान आणि खांदे आखडलेले असतात आणि फिजिओथेरपीचा उपयोग होतो, पण तिथे झोप, काळजी, कामाचा बोजा यांचा वाटा मोठा असतो. तिसरी अर्धशिशी, आणि खरी गफलत होते ती इथे.

अर्धशिशीत मान दुखणं अतिशय सामान्य आहे. अनेकांची मान झटका येण्याच्या काही तास आधीपासूनच जड होते, मग साहजिकच वाटतं की मानेमुळे डोकं दुखलं. प्रत्यक्षात मानेचं ते दुखणं झटक्याचाच भाग असतं. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका तरुण मुलीवर मी जवळजवळ तीन महिने मानेचे उपचार करत राहिले. तिची मान खरंच कडक लागायची, हात लावला की ती कळवळायची, आणि मला वाटायचं, आणखी चार बैठका दिल्या तर सुटेल. उजेड सहन होतो का, मळमळतं का, जिना चढताना ठणका वाढतो का, हे मी तिला पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं असतं. मज्जाविकारतज्ज्ञांनी अर्धशिशीचं औषध सुरू केलं आणि तिचे झटके कमी झाले. त्या तीन महिन्यांची मला आजही खंत आहे. गेली २२ वर्षं हे काम करताना एक नियम मी तेव्हापासून पाळत आले आहे: मानेला हात लावण्याआधी पुरेसा वेळ फक्त प्रश्न विचारायचे. तुमच्या फिजिओथेरपिस्टने काहीही न विचारता थेट टेबलावर झोपायला सांगितलं, तर तुम्ही स्वतःहून थांबवून सगळं सांगा.

काही लक्षणं अशी आहेत की ती असतील तर फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टर. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत ताठलेली मान. बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोंडाचा कोपरा उतरणं, हातापायातली शक्ती जाणं, चालताना तोल जाणं. अपघात किंवा डोक्यावर पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. आधी कर्करोग होऊन गेलेला असणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखीही याच यादीत येते. मान आणि डोकं एका बाजूला अचानक, पूर्वी कधी नव्हतं असं दुखायला लागलं आणि जोडीला चक्कर किंवा एक पापणी खाली आली, तर मानेच्या रक्तवाहिनीची भिंत फाटलेली असू शकते. तिथे मालिश नाही, थेट रुग्णालय. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी मी कधीच हलक्यात घेत नाही. साठी ओलांडलेले एक गृहस्थ ‘कानशिलात मानेतून कळ येते’ म्हणून आले होते. केस विंचरताना टाळू दुखते आणि घास चावताना जबडा भरून येतो, हे त्यांनी बोलता-बोलता सांगितलं. मी त्यांच्या मानेला हात न लावता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली होती. त्या आजारात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

हे सगळं नाही म्हटल्यावर तपासणी. ती कशी होते हे सांगते, म्हणजे तुम्हाला काय मागायचं ते कळेल.

एक दंतवैद्य माझ्याकडे आले होते, तक्रार जवळजवळ तुमचीच. दिवसभर मान खाली आणि उजवीकडे कललेली. त्यांना उताणं झोपवलं, दोन्ही तळहातांवर त्यांचं डोकं घेतलं, हनुवटी छातीकडे जाईल इतकी मान पुढे वाकवली आणि तशीच वाकवून ठेवून डोकं हळूहळू वळवलं. मान पूर्ण वाकवली की खालचे मणके जवळजवळ जखडले जातात, आणि वळण उरतं ते मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्यात. मानेचं एकूण जे वळणं आहे त्यातलं जवळपास निम्मं एकट्या या सांध्यात होतं. निरोगी माणसात असं वळण प्रत्येक बाजूला सुमारे ४४ अंश मिळतं. ३२-३३ अंशांच्या आत अडलं तर तो सांधा संशयित. या गृहस्थांचं डोकं डावीकडे सहज गेलं. उजवीकडे निम्म्या वाटेवरच हाताला अडथळा जाणवला, जसा फुगलेला दरवाजा चौकटीत अडकतो तसा. ते म्हणाले, ‘इथेच. आता डोळ्यामागे आलं.’

मग पोटावर झोपवून कवटीच्या खालच्या कडेपासून एकेक मणका अंगठ्याने चाचपला. दुसऱ्या-तिसऱ्यामधल्या उजव्या सांध्यावर हलका दाब दिला तेव्हा त्यांची ओळखीची डोकेदुखी उभी राहिली. मी दाब तसाच धरून ठेवला. अर्ध्या-पाऊण मिनिटाने ते म्हणाले, ‘कमी होतंय.’ आपलंच दुखणं कुणीतरी बोटाने लावून आणि बोटानेच उतरवून दाखवलं, की रुग्णाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी शेकडो वेळा पाहिलाय. आठ-आठ महिने ज्याची भीती वाटत होती त्याला एक जागा मिळते.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उताणं झोपून, गुडघे वाकवून, मानेच्या पोकळीखाली हवेची एक छोटी पिशवी ठेवतात. तिला दाब दाखवणारी तबकडी जोडलेली असते. आधी दाब २० मिलिमीटर पाऱ्यावर आणायचा. मग रुग्णाने डोकं न उचलता, नकळत ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची, इतकीच की काटा २२ वर जाईल, आणि तिथे १० सेकंद थांबायचं. मग २४, २६, असं ३० पर्यंत. वाचायला अगदी क्षुल्लक वाटतं. त्या दंतवैद्यांचा काटा २२ ऐवजी थेट २८ वर उडाला आणि थरथरायला लागला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना कानामागून छातीकडे जाणारे स्नायू दोरखंडासारखे उठून दिसत होते, श्वास रोखलेला, दात आवळलेले. जोर भरपूर होता, पण चुकीच्या ठिकाणी.

मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना अगदी चिकटून, खोलवर लांब आणि पातळ स्नायू असतात. त्यांचं काम मोठी हालचाल करण्याचं नाही. डोकं आणि वरचे मणके दिवसभर हलकेच सांभाळून धरण्याचं आहे. डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५ किलो. मान दुखायला लागली की हे खोल स्नायू काम कमी करतात आणि दुखणं थांबलं तरी आपोआप पूर्ववत होतातच असं नाही. मग ते वजन धरायला वरवरचे मोठे स्नायू धावतात: गळ्याचे, खांद्यापासून मानेपर्यंतचे. जोडीला कवटीखालचे छोटे स्नायूही राबतात. हे मोठे स्नायू थोड्या वेळाच्या जोरासाठी असतात. आठ-आठ तास ते ताणून ठेवले की दमतात, आखडतात, त्यांच्यात गाठी लागतात. मालिश करणारा माणूस नेमक्या याच स्नायूंवर मेहनत घेतो आणि ते खरंच सैल होतात. पण सैल झाल्यावर डोकं धरणार कोण? खोलचे स्नायू तर अजून कामाला लागलेले नाहीत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच स्नायू पुन्हा आखडतात. तुमच्या दोन दिवसांचं उत्तर बहुधा इथे आहे.

उपचाराची सुरुवात मात्र हातांनीच होते, कारण अडलेला सांधा आणि दुखणारी मान घेऊन व्यायाम नीट होत नाही. ज्या सांध्यात अडथळा आहे तिथे अंगठ्याने मंद, लयीत, पुढे-मागे छोटे झोके द्यायचे. याला मोबिलायझेशन म्हणतात. कवटीच्या खालच्या कडेला बोटांची टोकं टेकवून डोक्याचं वजन त्यांच्यावर सोडायला सांगायचं आणि तीन-चार मिनिटं काहीही न करता थांबायचं, हेही मी करते. कवटीखालचे छोटे स्नायू याने छान सुटतात. हे करताना दुखणं सुखद असावं. दात आवळावे लागत असतील तर दाब जास्त आहे, तसं सांगायला संकोचू नका.

मान कटकन मोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वरच्या मानेला झटका देऊन आवाज काढण्याची पद्धत मी वापरत नाही. तिचा काहींना उपयोग होतो हे खरं, पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ती विरळा असतात, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतात. मंद हालचालींनी तेच साधत असेल तर तो धोका का घ्यायचा? प्रशिक्षण नसलेल्या कुणाकडूनही मान मोडून घेऊ नका, आणि स्वतःच्या हाताने हनुवटी धरून झटका देण्याची सवय असेल तर ती सोडा. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांमध्ये वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात, त्यांच्यासाठी तर हे पूर्ण वर्ज्य.

घरी करण्यासारखा एक उपाय मात्र मला फार आवडतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतला आहे. पातळ टॉवेलची कड किंवा मऊ पट्टा कवटीच्या लगेच खाली, पहिल्या मणक्याच्या पातळीवर बसवायचा, दोन्ही टोकं हातात धरून पुढच्या दिशेने हलका ताण द्यायचा आणि तो ताण तसाच ठेवून ज्या बाजूला मान अडते तिकडे सावकाश वळायचं. शेवटाला दोन-तीन सेकंद थांबायचं आणि परत यायचं. दुखता कामा नये. दुखलं तर पट्ट्याची जागा किंवा ओढीची दिशा चुकलेली असते. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीनदा, बास. २००७ साली ३२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत हा प्रयोग करणाऱ्यांची डोकेदुखी, खोटा उपाय दिलेल्या गटापेक्षा, ४ आठवड्यांनी आणि १२ महिन्यांनीही स्पष्टपणे कमी होती. पट्टा कुठे बसवायचा हे पहिल्यांदा समोर बसून शिकून घ्या, कारण अर्धा इंच खाली गेला तरी उपयोग राहत नाही.

आता व्यायाम, ज्याच्यासाठी मी इतकं लिहिलं. उताणं झोपा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल चालेल, जाड उशी नको. जीभ टाळूला हलकी टेकवा, दातांमध्ये फट ठेवा. जबडा आवळला की मोठे स्नायू जागे होतात. एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूच्या स्नायूवर ठेवा. आता डोकं गादीवरून न उचलता, डोक्याची मागची बाजू गादीवर उशाच्या दिशेने सरकतेय अशा बेताने हनुवटी अगदी थोडी आत घ्या. बोटांखालचा स्नायू मऊच राहिला पाहिजे. तो कडक झाला की तुम्ही जास्त जोर लावलात, अर्ध्यावर या. तिथे १० सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला १० सेकंद जमणार नाहीत, ५ धरा. पहिल्या आठवड्यात बहुतेक रुग्ण म्हणतात, ‘यात काहीच होत नाहीये.’ ज्याला काहीच होत नाहीये असं वाटतं तो बहुधा बरोबर करतोय. जोर लावण्याचा मोह या व्यायामाला मारून टाकतो.

दोन-तीन आठवड्यांनी याच्यात खांद्याच्या पात्यांची भर घालावी लागते. पाती पुढे आणि खाली ओघळलेली असतील तर मानेपासून पात्यापर्यंत जाणारा स्नायू कायम ताणात राहतो आणि त्याचं एक टोक थेट वरच्या मणक्यांना जोडलेलं असतं. भिंतीला कोपरं टेकवून, रबरी पट्टा ओढून, पालथं झोपून हात उचलून, कितीतरी प्रकारे हे करता येतं. पाठीचा वरचा भाग कुबडासारखा ताठ झाला असेल तर तोही मोकळा करावा लागतो. पुढे-पुढे खरी ताकदही वाढवायची. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ लोकांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून ५ दिवस, रोज फक्त २ मिनिटं रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दिला होता. १० आठवड्यांत दुखणं कमी झालं, आणि १२ मिनिटं करणाऱ्यांपेक्षा ते फार मागे नव्हते. ‘वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

हात आणि व्यायाम यांत श्रेष्ठ काय, हा वाद या क्षेत्रात जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्वेन जुल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मानजन्य डोकेदुखीच्या २०० रुग्णांचे चार गट केले: नुसते हातांचे उपचार, नुसते व्यायाम, दोन्ही, आणि काहीच नाही. उपचार ६ आठवडे. हातांचे उपचार आणि व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखीची वारंवारता आणि तीव्रता कमी झाली आणि १२ महिन्यांनीही फरक टिकून होता. दोन्ही एकत्र मिळालेल्या गटात आराम पडलेल्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी अधिक होतं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मी दोन्ही एकत्र देते, कारण हातांनी आराम मिळाला की व्यायामावर विश्वास बसतो. निव्वळ शेक, अल्ट्रासाउंड आणि विजेच्या मशीनवर १५-१५ दिवस झोपवून ठेवणारे उपचार मात्र तुमचा वेळ खातात. शेकाने बरं वाटतं, घरी जरूर घ्या. पण त्याला उपचार समजू नका. मानेचा पट्टा (कॉलर) तर या दुखण्यात नकोच, तो खोल स्नायूंना आणखी आळशी करतो.

बसण्याच्या पद्धतीबद्दल लोक फार अपराधी भाव घेऊन येतात. ६० अंश मान वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, असं चित्र सगळीकडे फिरतं. तो २०१४ सालचा संगणकीय प्रतिकृतीवरचा हिशोब आहे, कुणाच्या खऱ्याखुऱ्या मानेत मोजलेला नाही. मान वाकवण्यासाठीच बनलेली आहे. त्रास होतो तो तासन्‌तास न हलण्याने. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा, अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोनवर बोलताना चाला. एवढं केलंत तरी खूप झालं. महागडी खुर्ची घेऊन डोकेदुखी गेली असं मी क्वचितच पाहिलंय. एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही: चष्मा. जवळचा नंबर खालच्या भागात असलेला चष्मा लावून स्क्रीन वाचायची असेल तर हनुवटी वर करावी लागते, आणि कवटीखालचे स्नायू दिवसभर चेपले जातात. स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा केल्यावर निम्मी तक्रार गेलेले रुग्ण माझ्याकडे आहेत.

उशीबद्दल इतकंच, की कुशीवर झोपल्यावर नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत राहील एवढी जाडी हवी. पालथं झोपत असाल तर ती सवय हळूहळू सोडा, रात्रभर मान एका बाजूला पूर्ण वळलेली राहते.

गोळ्यांचं तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र वेदनाशामक किंवा अर्धशिशीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. तुम्ही आठवड्यातले तीन-चार दिवस म्हणता, म्हणजे दर वेळी गोळी घेत असाल तर महिन्याचे १५ दिवस होऊ शकतात. मानेवर कितीही काम केलं तरी हे चालू असेल तर फरक दिसत नाही. गोळ्या कमी कशा करायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवा, एकदम बंद करू नका.

त्या दंतवैद्यांना सहा आठवड्यांत मी नऊ वेळा बोलावलं. पहिल्या तीन भेटींत हातांचं काम जास्त, नंतर व्यायामच जास्त. चौथ्या आठवड्यात कामाचा ताण वाढला आणि सलग दोन दिवस डोकं उठलं. ते म्हणाले, सगळं वाया गेलं. दुखण्याची अशी उसळी जवळजवळ प्रत्येकाला येते. त्या दिवशी व्यायाम बंद करायचा नाही, धरण्याचा वेळ निम्मा करायचा आणि टॉवेलच्या पट्ट्याचा प्रयोग चालू ठेवायचा. शेवटी त्यांची डोकेदुखी आठवड्यातल्या चार दिवसांवरून पंधरवड्यातल्या एखाद्या दिवसावर आली, आणि आता ते रुग्णाच्या खुर्चीची उंची बदलून उभ्यानेही काम करतात.

पहिल्या भेटीला जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद करून न्या: कुठल्या दिवशी दुखलं, किती वाजता सुरू झालं, मानेत आधी की डोळ्यात आधी, ० ते १० मध्ये किती, मळमळ किंवा उजेडाचा त्रास होता का, गोळी घेतली का आणि कुठली. ही एक पानाची नोंद मला एमआरआयच्या जाडजूड फाइलपेक्षा जास्त सांगते. मनापासून व्यायाम करूनही सहा आठवड्यांत नोंदीतले दुखरे दिवस कमी होत नसतील, तर आणखी बैठका विकत घेऊ नका. ती नोंद घेऊन मज्जाविकारतज्ज्ञांकडे जा आणि निदान नव्याने तपासून घ्या.